कर्ज फिटलं तर बाबा बरे होतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हाला पाहता येईल. वडील चोपन्न वर्षांचे. राळेगाव तालुक्यात सात एकर कोरडवाहू, कापूस आणि सोयाबीन. दोन हंगाम हातचे गेले, एक पावसानं आणि एक भावानं. बँकेचं पीक कर्ज थकलंय, कृषी केंद्राची उधारी आहे, आणि गावातल्या एकाकडून शेकडा पाच रुपये महिन्यानं पैसे घेतलेत. त्याचा आकडा घरात कोणालाच माहीत नाही. दोन महिन्यांपासून बाबा पहाटे तीनला उठून कोठ्यात, म्हणजे गुरांच्या गोठ्यात, जाऊन बसतात. वावरात जात नाहीत, पारावरचं बसणं बंद झालं. आईला म्हणाले, "आता माह्यानं काही होत नाही." आई म्हणते कोणी तरी करणी केली. काका म्हणतात सगळ्याच शेतकऱ्यांचं असं आहे, टेन्शन आहे, जाईल. डॉक्टरचं नाव काढलं की बाबा म्हणतात, "मले का झालं? मी का पागल आहो का?" तुम्ही चाकणला कंपनीत आहात आणि विचारता आहात की हा आजार आहे की नुसतं कर्जाचं टेन्शन, आणि कुठून तरी पैसे उभे करून कर्ज फेडलं तर बाबा बरे होतील का.

मी मनोविकारतज्ज्ञ आहे आणि बरीच वर्षं यवतमाळ-वर्धा भागातच ओपीडी करतो. "आजार की टेन्शन" हा वाद मी जवळजवळ प्रत्येक शेतकरी कुटुंबात ऐकतो, आणि घर तिथेच अडून बसतं. टेन्शन म्हटलं तर त्यावर औषध एकच, पैसा. तो नसतो, म्हणून काहीच होत नाही. आजार म्हटलं तर घरच्यांना वाटतं आपण बाबांना कमजोर ठरवतोय, आणि कर्ज, भाव, पाऊस हे सगळं खोटं पाडतोय. असे दोन-दोन, चार-चार महिने निघून जातात. माझं मत सांगतो: ही एका जुवाला जुंपलेली जोडी आहे. एकाला सोडून दुसऱ्याला हाकायला गेलात तर बंडी जागची हलत नाही. तुम्हाला दोन्ही बाजूंनी एकाच वेळी हात घालावा लागेल, आणि कोणता खरा याचा निकाल लागेपर्यंत थांबायचं नाही.

पण त्याआधी जे तुम्ही विचारलं नाही त्यावर बोलू. तुमच्या लिहिण्यात मधेच एक वाक्य आलंय की मागच्या आठवड्यात बाबांनी आईला पासबुक, सातबारा आणि विम्याचे कागद कुठे ठेवलेत ते दाखवलं. तुम्ही ते सहज लिहिलं असेल. मी वाचताना तिथेच थांबलो. कागद दाखवणारा प्रत्येक माणूस तसाच विचार करत असतो असं नाही. पण झोप उडालेला, माणसांतून उठलेला आणि "माह्यानं होत नाही" म्हणणारा माणूस जेव्हा मागचं आवरायला लागतो, तेव्हा मी वाट पाहत नाही. तुम्हीही पाहू नका. आज रात्री काकांना किंवा मामांना घरी झोपायला सांगा, आणि तुम्ही मिळेल त्या गाडीनं निघा.

आल्यावर बाबांना सरळ विचारायचं. आडून नाही, आणि आईसमोर सगळे जमलेले असतानाही नाही. तुम्ही दोघंच असताना, वावराच्या धुऱ्यावर किंवा कोठ्यात, आपल्या बोलीत: "बाबा, एवढा त्रास होऊन रायला, तर कधी जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येते का?" असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घातल्यासारखं होईल, ही भीती घरोघरी असते. तसं होत नाही, हे अभ्यासांतूनही दिसलंय आणि माझ्यासमोरही रोज दिसतं. बहुतेक वेळा माणूस आधी गप्प बसतो, मग डोळ्यांत पाणी येतं, मग म्हणतो, "येते कधी कधी." हे कोणाला तरी सांगता आलं यानंच थोडा भार उतरतो.

उत्तर कसंही आलं तरी पुढे काय करायचं ते आधी ठरवून ठेवा. "येते, पण तुमच्याकडं पाहून थांबतो" असं म्हणाले, तर याच आठवड्यात डॉक्टर, आणि तोवर घरात कोणी तरी जागं. कसं आणि कधी, इथपर्यंत विचार गेला असेल, तर त्याच दिवशी दवाखाना, एकटं एक तासही सोडायचं नाही. काहीच बोलले नाहीत, तर उत्तर "हो" आहे असं धरून चाला. रागावले तर रागावू द्या, रागानं नुकसान होत नाही. फक्त "माझी शपथ आहे, असं काही करणार नाही म्हणा" हे करू नका. ते हो म्हणतील, तुम्हाला बरं वाटेल, आणि पुढच्या वेळी मनात आलेलं सांगायची त्यांची वाट बंद होईल.

आता फवारणीच्या औषधांबद्दल, कारण आपल्या भागात असा जीव जाण्याचं एक मोठं कारण घरातच ठेवलेलं असतं. माळ्यावर, कोठ्यात, बियाण्याच्या पोत्यामागे अर्ध्या उरलेल्या बाटल्या. वॉर्डात वाचलेली माणसं मला पुन्हा पुन्हा एकच सांगतात की सकाळी उठलो तेव्हा असं काही करायचं ठरलं नव्हतं. भांडण झालं, वसुलीवाला दारात येऊन बोलून गेला, दारू पोटात होती, आणि बाटली समोर होती. तो आवेग सहसा थोडा वेळ टिकतो. तेवढ्या वेळात वस्तू हाताशी नसली तर माणूस वाचतो, आणि असे वाचलेले बहुतेक जण पुढेही जगतात. श्रीलंकेनं १९९०च्या दशकापासून टप्प्याटप्प्यानं सगळ्यात विषारी कीटकनाशकांवर बंदी आणली आणि पुढच्या दोन दशकांत तिथला आत्महत्यांचा दर साधारण ७० टक्क्यांनी उतरला. तिथल्या शेतकऱ्यांची कर्जं काही त्या बंदीनं फिटली नव्हती. कर्ज तसंच असतानाही माणूस वाचवता येतो, असा मी याचा अर्थ घेतो.

पेटीला कुलूप लावून भागेल का, असं लोक विचारतात. श्रीलंकेतच गावोगाव घरांना कुलपाच्या पेट्या देऊन पाहिल्या, त्यानं फरक पडल्याचं दिसलं नाही. मला त्यात नवल वाटत नाही, कारण किल्ली शेवटी घरच्या कर्त्या माणसाच्याच खिशात जाते. म्हणून माझा आग्रह असा की औषध घरात आणि कोठ्यात नकोच. न फोडलेल्या बाटल्या कृषी केंद्रवाला परत घेतो का विचारा, उधारीतून तेवढी रक्कम तरी वजा होईल. फोडलेल्या काकांकडे हलवा. नाल्यात किंवा विहिरीत ओतू मात्र नका. यंदाची फवारणी मजुरीनं करून घ्या, लागेल तेवढंच औषध त्या दिवशी आणा आणि रिकामा डबाही घरी आणू नका.

हे करताना बाबांना चोरासारखं वाटू नये. त्यासाठी एक खरं कारण आपल्या जिल्ह्याकडेच आहे. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात नुसत्या फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. बाबांना ते आठवत असेल. "घरात ठेवायचं नाही, त्या साली काय झालं ते तुम्हीच पाहिलं" एवढं म्हटलं तरी पुरतं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. मी बाबांना पाहिलेलं नाही, त्यामुळे निदान करत नाही. पण तुम्ही जे लिहिलंय त्यात आणि साध्या काळजीत फरक कसा ओळखतो ते सांगतो. काळजीतला माणूस झोपताना तळमळतो, पण चांगली बातमी आली की त्याचा चेहरा खुलतो. कापसाला दोनशे रुपये जास्त मिळाले, नातू घरी आला, बैलानं पोळ्यात मान मिळवला, की तेवढा वेळ तरी तो परत पहिल्यासारखा होतो. उदासीनतेच्या आजारात, म्हणजे डिप्रेशनमध्ये, ते होत नाही. चांगली गोष्ट आत पोचतच नाही. झोप लागते पण पहाटे दोन-तीनला मोडते, आणि सकाळची वेळ सगळ्यात जड जाते. भूक मरते, वजन उतरतं. साधा निर्णय घेता येत नाही. आणि मनात सतत एक हिशोब चालू असतो ज्याचं उत्तर कायम "चूक माझीच" असं येतं. हे दोन आठवड्यांहून जास्त, जवळजवळ रोज असेल, तर मी त्याला आजार म्हणतो, मग कारण कर्ज असो की आणखी काही. पाय मोडला तो बंडीवरून पडून की झाडावरून, यानं प्लास्टर घालायचं की नाही हे ठरत नाही.

आपल्याकडे "मी उदास आहे" असं कोणी म्हणत नाही, आणि म्हणून आजार निसटतो. लोक शरीराचं सांगतात. "डोकं भणभण करते." "जीव घाबरल्यावानी होते." "हातपाय गळून गेले." "छातीत जळजळ." मग गावातला डॉक्टर सलाईन लावतो, ताकदीचं इंजेक्शन देतो, वर झोपेची गोळी. सलाईननं दोन दिवस बरं वाटतं, कारण कोणी तरी दखल घेतलेली असते. तुमच्या बाबांनाही अशीच कुठली गोळी चालू आहे असं तुम्ही लिहिलंय. तिचं नाव पाहून घ्या. यावर पुढे येतो.

काकांचं म्हणणं, की सगळ्याच शेतकऱ्यांचं असं आहे, अर्धं बरोबर आहे. काळजी सगळ्यांना आहे. पण त्याच गावात तेवढंच कर्ज असलेला शेजारी मजुरीनं ट्रॅक्टर चालवतोय, बँकेत जाऊन मॅनेजरशी भांडतोय, ई-पीक पाहणी वेळेत भरतोय. तुमचे बाबा यातलं काही करू शकत नाहीत. हा आळस नव्हे, आणि भित्रेपणाही नव्हे. आजार माणसाच्या हातून तारखा निसटवतो. पीक पाहणी राहिली की नुकसानभरपाई अडकते. पीक कर्ज वेळेत फिरवलं नाही की पंजाबराव देशमुख योजनेतली व्याजाची सवलत जाते, नाहीतर ३ लाखांपर्यंतचं कर्ज बिनव्याजी पडू शकतं. म्हणजे कर्जानं आजार आला असेल, पण आता आजार कर्ज वाढवतोय. कर्ज फिटेपर्यंत उपचार थांबवणं म्हणूनच मला परवडणारं वाटत नाही, अगदी पैशाच्याच हिशोबानं.

"मी का पागल आहो का" याचं काय करायचं? यावर वाद घालू नका. बाबांना जो त्रास मान्य आहे तिथून सुरुवात करा. झोप येत नाही हे त्यांना मान्य आहे. भूक नाही हे मान्य आहे. "झोपेसाठी जाऊ" म्हणा, ते खोटंही नाही. आणि हे तुम्ही म्हणण्यापेक्षा ज्याचं ते ऐकतात त्यानं म्हणू द्या. मुलाचं ऐकणं बापाला जड जातं, त्यातून तुम्ही पुण्याकडून आलेले. माझ्याकडे येणाऱ्या घरांत हे काम बहुतेक वेळा आत्या करते. मोठ्या बहिणीनं "चाल रे, मीच येतो संगं" म्हटलं की माणूस मुकाट्यानं चप्पल घालतो. तुमच्या घरी कोण आहे ते तुम्हाला ठाऊक.

पहिली पायरी मोठ्या दवाखान्याचीच हवी असं नाही. गावच्या आशाताईशी बोला. २०१५पासून शासनानं विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात आशांनी घरोघर जाऊन असा ताण असलेली माणसं हेरायची आणि समुपदेशनाकडे पाठवायची अशी रचना आहे. कोणती आशा किती मनावर घेते हे गावागावावर आहे, पण विचारायला काही लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड पाहून घ्या. थायरॉईड मंद असला तरी माणूस असाच गळून जातो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ग्रामीण रुग्णालयांत ठरलेल्या दिवशी येतं, तो वार तिथे विचारून घ्या. त्याच्या पलीकडे यवतमाळचं शासकीय मेडिकल, सेवाग्राम, सावंगी मेघे आहे. रात्री-बेरात्री बोलायला टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, फुकट, चोवीस तास आणि मराठीतून. बाबा लावणार नाहीत, तुम्ही लावा. घरच्यांनीही लावायचाच तो आहे.

गावातल्या माणसानं बोलून काय होतं, असं वाटत असेल तर एक उदाहरण देतो. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत विश्राम नावाचा कार्यक्रम झाला होता. गावातल्याच लोकांना शिकवून त्यांनी घरोघर बोलायचं, पहिला आधार द्यायचा आणि गरज असेल त्याला डॉक्टरपर्यंत न्यायचं. सुरुवातीला आजार असलेल्या शंभरांतले जेमतेम चार जण मदतीपर्यंत पोचत होते. दीड वर्षानं सत्तावीस पोचायला लागले. बाकीचे त्र्याहत्तर तरीही राहिलेच, हे मी विसरत नाही. पण आपली माणसं मदत घ्यायला तयार नसतात हे म्हणणं मला तेव्हापासून पटत नाही.

औषधाबद्दल घरी तीन शंका येतील. सवय लागते का? उदासीनतेवरच्या गोळ्यांची नशेसारखी चटक लागत नाही. ती भीती झोपेच्या गोळ्यांबद्दल खरी आहे, आणि गावात नेमक्या त्याच सर्रास दिल्या जातात. म्हणून चालू गोळीचं नाव पाहा म्हटलं. बरेच दिवसांपासून चालू असेल तर स्वतःहून एकदम बंद करू नका, डॉक्टरला दाखवून हळूहळू कमी करायची असते. दुसरी शंका, फरक कधी पडतो? झोप आणि भूक आधी सुधारते, मन उचलायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. आपल्याकडची माणसं आठव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून पुडी कोनाड्यात टाकतात. पहिल्या दिवसांत थोडी मळमळ, तोंड कोरडं पडणं, पोट बिघडणं होऊ शकतं, ते बहुधा ओसरतं. याच सुरुवातीच्या आठवड्यांत लक्ष जास्त ठेवायचं असतं, कारण अंगात बळ मनाच्या आधी येतं. गोळ्यांची पट्टी आईकडे ठेवा आणि रोजच्या रोज हातावर द्या. तिसरी शंका, जन्मभर घ्यायच्या का? पहिल्यांदाच असा त्रास असेल तर बरं वाटल्यावर साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवून डॉक्टर कमी करत बंद करतात. आणि डाळीत-भाजीत लपवून देऊ नका. पकडलं गेलं की औषधही जातं आणि तुमच्यावरचा भरवसाही.

दारूचं तुम्ही काही लिहिलं नाही. नसेल तर चांगलंच. रोजची असेल तर ती सांगणं महत्त्वाचं, आणि आठ दिवसांत सोडवून टाकतो म्हणून एकदम तोडू नका. रोज पिणाऱ्याची एकदम तुटली तर हातपाय थरथरतात, झटके येऊ शकतात, माणूस बरळायला लागतो. तेही डॉक्टरच्या देखरेखीत करायचं काम आहे.

आई करणी म्हणते त्यावर तिच्याशी भांडू नका. दर्ग्यावर जायचं असेल, देवीला नवस बोलायचा असेल, जाऊ द्या, कदाचित त्या निमित्तानं बाबा घराबाहेर तरी पडतील. माझ्या अटी तेवढ्या दोन आहेत: कोणी अंगाला हात लावायचा नाही, आणि कोणाच्या सांगण्यावरून गोळी बंद करायची नाही.

इथवर क्रम असा लागतो: आधी सोबत आणि फवारणीच्या औषधाच्या बाटल्या, मग सरळ प्रश्न, मग याच आठवड्यात तपासणी. कर्जाची वही त्याच्या पाठोपाठ, बाबांची झोप थोडी सुधारली की.

कर्जाबद्दल मी बोलतो तेव्हा बँकवाला म्हणून बोलत नाही, पण इतक्या वह्या माझ्या टेबलावर उघडल्या गेल्यात की थोडं कळतं. पहिलं म्हणजे आकडा. घरातल्या कोणालाच माहीत नसलेला आकडा रात्री तीनला खऱ्यापेक्षा खूप मोठा होतो. एका दुपारी बाबा, तुम्ही आणि आई बसून सगळं लिहा: बँक, सोसायटी, कृषी केंद्र, सावकार, नातेवाईकांचे हातउसने, आणि आईच्या नावावर बचत गटाचं किंवा मायक्रोफायनान्सचं काही असेल ते. हे शेवटचं बायका बहुतेक वेळा लपवतात, आणि त्याचा हप्ता आठवड्याला येतो. लिहिताना "हे कशाला घेतलं होतं" असा एकही प्रश्न विचारायचा नाही. तो हिशोब बाबांनी रोज रात्री केलेला आहे.

सगळं फेडायला तुम्ही पुण्यात पर्सनल लोन काढणार असाल, तर थांबा. बापाला ते कळलं की "माझ्यापायी पोरगाही बुडला" हे नवं ओझं होतं. माझा अनुभव असा की सगळ्यात मोठं कर्ज क्वचितच जीव खातं. जीव खातं ते चार लोकांत अपमान करणारं. बँकेची नोटीस येते आणि पडून राहते. पण ज्याच्या दारावरून जावं लागतं, जो पारावर बोलतो, त्याच्यासाठी माणूस रस्ता बदलतो आणि मग घराबाहेर पडणंच सोडतो. म्हणून उधारीतल्या त्या एका माणसाला थोडी रक्कम देऊन, बाकीची मुदत तुमच्या नावावर मागून घ्या: "यापुढे माझ्याशी बोला, बाबांशी नाही." हे एक वाक्य बऱ्याच गोळ्यांपेक्षा लवकर लागू पडलेलं मी पाहिलंय.

शेकडा पाच रुपये महिना म्हणजे वर्षाला साठ टक्के. देणाऱ्याकडे सावकारीचा परवाना आहे का ते पाहा. महाराष्ट्र सावकारी अधिनियम २०१४मध्ये लागू झाला. विनापरवाना सावकारीची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते, आणि अशा व्यवहारात लिहून घेतलेली जमीन परत मिळवण्याची सोयही त्यात आहे. तक्रार करावी की आधी बसून तोडगा काढावा, हे गावातले संबंध पाहून ठरवा. बाबांची तब्येत सावरण्याआधी गावात भांडण उभं करू नये असं मला वाटतं. बँकेत कर्जाच्या पुनर्गठनाचं, म्हणजे मुदत आणि हप्ते नव्यानं बांधून घेण्याचं, विचारा. माफीच्या भरवशावर मात्र बाबांना ठेवू नका. २०१७ला दीड लाखापर्यंतची झाली, २०१९ला दोन लाखांपर्यंतची झाली, आणि दोन्ही वेळा यादीत नाव नसलेली, कागदात अडकलेली माणसं माझ्याकडे आली. मिळाली तर घ्यावी. पण आशा लावून ती मोडली तर ते घर आणखी खाली जातं.

या दिवसांत वावर विकणं, बैल विकणं, मक्त्यानं देणं असे निर्णय बाबांकडून घेऊ नका, आणि त्यांच्या माघारीही घेऊ नका. दोन-तीन महिने पुढे ढकला. आजारात घेतलेला निर्णय बरा झालेला माणूस नंतर स्वतःच्या डोक्यावर घेऊन फिरतो.

तर कर्ज फिटलं की बाबा बरे होतील का? नुसती काळजी असती तर हो म्हटलं असतं. तुम्ही वर्णन केलंय त्यात मला शंका आहे. सगळं फिटूनही पहाटे तीनला उठणारी माणसं मी पाहिलीत. आणि कर्ज तसंच असताना झोप लागायला लागली, मग बँकेत गेली, मुदत मागून आली, अशीही बरीच पाहिलीत. दुसरी संख्या मोठी आहे.

घरात बोलताना "हिंमत ठेवा", "बाकीचेही शेतकरीच आहेत ना", "आमच्याकडं तरी पाहा" ही वाक्यं टाळा. आजारी माणसाला ती आरोपासारखी लागतात. काम एकदम बंदही करू नका आणि एकदम लादूही नका. सकाळी दोघं मिळून वावराला चक्कर मारून या, बैलांना पाणी पाजू द्या, एवढंच. आणि तुमच्या बहिणीच्या लग्नाचा विषय तिच्यासमोर ओझं म्हणून काढणं आजपासून बंद. तिला सगळं ऐकू येतं. अशा घरांतल्या मुलींना "मी नसते तर" हे मनात येतं, आणि ते कोणी विचारत नाही. तिच्याशी वेगळं बोला. आईशीही. दोन महिने ती रात्रीची जागी आहे, मजुरीला जाते, आणि घरात काय चाललंय ते शेजारी कळू देत नाही. माझ्या ओपीडीत नवऱ्याला घेऊन आलेल्या बाईला मी तिची झोप विचारली की बऱ्याचदा दोन केसपेपर निघतात.

नोकरी सोडून यायचं का, हे मी ठरवू शकत नाही. सुरुवातीचे पंधरा दिवस तरी रजा काढा. त्यापुढे तुमचा दर महिन्याचा पगार हाही या घराचा उपचारच आहे, म्हणून घाईनं राजीनामा देऊ नका. फोन रोज करा, पण दर वेळी "गोळी घेतली का" असा नको. पाऊस, कपाशी, गावचं काही.

एक गोष्ट वापरायची वेळ येऊ नये, पण माहीत असू द्या. कधी विष घेतल्याची शंका आली तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायची नाही, दूध-तूप पाजायचं नाही. अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून पाण्यानं धुवायचं, स्वतःच्या हाताला लागू द्यायचं नाही, कुशीवर झोपवायचं, १०८ला फोन आणि जवळचं सरकारी रुग्णालय. बाटली सोबत न्यायची, औषध कोणतं ते कळलं की उपचार नेमका होतो. पोलिसांच्या भीतीनं उशीर करू नका. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं अशा माणसाला तीव्र ताणाखाली होता असं धरायचं आणि शिक्षा करायची नाही असं सांगितलंय, आणि त्याची काळजी घेणं सरकारवर टाकलंय. दवाखान्यात पोलीस नोंद होते, तिला घाबरायचं कारण नाही.

बरं वाटायला लागल्यावरही काही दिवस जड जातात, ते आधीच कॅलेंडरवर खूण करून ठेवा: दुबार पेरणीची वेळ, दिवाळीच्या आसपास उधारीवाले येतात ते दिवस, आणि मार्चअखेरची वसुली. त्या काळात एक फेरी ओपीडीची आणि चार-आठ दिवस तुमची घरी, असं ठेवलं तर बरं.

पहिल्या तपासणीला जाताना चालू गोळ्यांच्या पट्ट्या, गावच्या डॉक्टरची जुनी चिठ्ठी, आधार कार्ड आणि रेशन कार्ड घ्या. शक्य तर सकाळी लवकर पोचा, दुपारनंतर ओपीडी बंद होते. आणि घरात पूर्वी कोणाला, आजोबा, काका, कोणालाही असा त्रास झाला होता का, ते आत्याला निघायच्या आधी विचारून ठेवा. डॉक्टर ते विचारणारच, आणि बाबा सांगणार नाहीत.